सात दारांची कुरकुर

सातव्या दाराच्या वरच्या बिजागरीत सुनेने तेलाचे शेवटचे दोन थेंब सोडले, दार तीनदा उघडमीट केले आणि कान लावला. काहीही ऐकू आले नाही. तिने समाधानाने फडक्याला हात पुसले आणि कोपऱ्यात आरामात बसलेल्या सांगाड्याकडे पाहिले. त्याच्या हातात वर्तमानपत्र होते, पायांत लोकरीचे मोजे होते आणि अंगातल्या स्वेटरचे मधले बटण तुटलेले होते.

“झालं,” ती त्याला म्हणाली. “आता वाचा निवांत.”

नऊ वर्षे तिने मोठमोठ्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. तिच्या कामाचे शास्त्र एका वाक्यात मावत असे: जे वाजते ते झिजते, आणि जे झिजते ते एक दिवस दगा देते. उत्तम लिफ्ट ती, जिच्यात उभ्या असलेल्या माणसाला आपण हललो हेच कळत नाही. पंधरा दिवसांपूर्वी सासऱ्यांच्या हाताखाली ती या भूतबंगल्यात कामाला लागली, तेव्हा हे शास्त्रही तिने सोबत आणले. नवरा जहाजावर होता, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सासूसासरे एकटे होते. आणि सासऱ्यांचे हात पूर्वीसारखे चालत नाहीत, असे सासूबाईंनी पत्रातून दोनदा कळवले होते.

करमणुकीच्या बागेच्या टोकाला, कारंज्याच्या पलीकडे हे घर उभे होते. सात खोल्या, सात दारे, जमिनीवरून नागमोडी गेलेला एक रूळ आणि त्यावरून साखळीने ओढल्या जाणाऱ्या चौघाचौघांच्या गाड्या. गाडीचे चाक खटक्यावरून गेले की समोरचे दार आपोआप उघडे, गाडी आत शिरे आणि दार मागे मिटे. खोल्यांच्या भिंतींमागून एक अरुंद बोळ फिरत होती. दुरुस्तीच्या माणसाने तिच्यातून जायचे, म्हणजे तो प्रवाशांच्या दृष्टीस पडत नसे. सासरे अठ्ठावीस वर्षे त्या बोळीतून फिरत होते. बागेत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत.

गेले दोन दिवस मिस्त्री सर्दीने अंथरुणाला खिळले होते. “घराकडे बघ जरा,” ते तिला म्हणाले होते. “मालकीणबाई येणार आहेत. एक फेरी मारतील आणि ठरवतील.” काय ठरवतील ते निराळे सांगायची गरज नव्हती. या घरात हल्ली कुणी भीत नाही, अशी मालकीणबाईंची तक्रार होती, आणि ते पाडून त्या जागी घसरगुंड्यांचा तलाव करावा, असे त्यांच्या मनात होते. तेव्हा सुनेने घराकडे पाहिले. काल बागेला साप्ताहिक सुट्टी होती. तो अख्खा दिवस तिने पाहिले, आणि उरलेले एक दार आज सकाळी.

सासूबाई नऊ वाजता आल्या. तिकिटाच्या खिडकीचे कुलूप काढून त्या आपल्या लाकडी खुर्चीवर बसल्या. खुर्ची नेहमीप्रमाणे मोठ्यांदा किरकिरली. त्यांनी पिशवीतून विणकाम काढले, दोन टाके घातले आणि थांबून घराच्या दिशेने मान वळवली.

“आज वारा आहे,” त्या म्हणाल्या. “तरी घर बोलत का नाही?”

“या ना आत. बघा तरी.”

सासूबाईंनी पहिल्या दाराला बोट लावले. दार उघडले. त्यांनी ते लोटले, ते मिटले. त्यांनी पुन्हा उघडले, पुन्हा मिटले, आणि दुसऱ्या दाराकडे न जाता पायरीवर बसल्या.

“काय केलंस याला?”

“तेल घातलं.”

“यालाच ना?”

“सगळ्यांना.”

सासूबाईंनी विणायच्या सुया लोकरीच्या गुंड्यात खोचल्या.

“आगीत तेल ओततात हे ऐकलं होतं,” त्या म्हणाल्या. “भुताच्या घरात ओतलेलं आज पाहिलं.”

मग त्यांनी सांगितले, तेव्हा सुनेच्या हातातले फडके हळूहळू खाली आले. घराची कुरकुर आपोआप होत नव्हती. ती केलेली होती. बिजागरीच्या लोखंडी कडीत मिस्त्री पितळेची खीळ घालत, तिला राळ लावत, वरून खडूची भुकटी मारत, आणि मग एकेक दार कान लावून लावून जुळवत. पहिले दार नुसता उसासा टाकी. दुसरे पाहुण्याला बघून नाक मुरडल्यासारखे करी. तिसरे रडत असे, आणि त्याचे रडणे खोटे वाटू नये म्हणून त्याच्यावर अकरा महिने खर्ची पडले होते. पाचवे म्हाताऱ्यासारखे कण्हत उठे. सातव्याविषयी सासूबाई काही बोलल्या नाहीत. ते ज्याने ऐकले त्याने ऐकले, इतकेच म्हणाल्या.

“मला वाटलं गंजलीत,” सून म्हणाली.

“गंजकं दार वाजतं तेव्हा माणूस शिव्या घालतो. भीत नाही.”

“परत करता येईल?”

“खिळी काढायच्या, रॉकेलने धुवायच्या, वाळवायच्या, राळ चढवायची. दोन दिवस. आणि बाई यायच्यात अकराला.”

“मी सांगते बाबांना. माझी चूक आहे.”

“सांग. पण फेरी झाल्यावर. सकाळची फेरी झाल्याशिवाय हे कुणाचं काही ऐकत नाहीत.”

मिस्त्री आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. रोज बाग उघडायच्या आधी ते एकटेच पहिल्या गाडीत बसून सगळे घर फिरून येत. ही सर्दी सोडली तर हा नेम अठ्ठावीस वर्षांत चुकला नव्हता. त्या वेळी आतले दिवे बंद असत आणि जाताजाता ते प्रत्येक चौकटीवर तळहात टेकवत. सुनेला पहिल्या दिवशी वाटले होते की हा नमस्कार आहे.

गाडी आत गेली आणि पहिले दार तिच्यामागे मिटले.

दोघी बाहेर पडायच्या वाटेशी उभ्या राहिल्या. एरवी या वेळी घर आतून कुरकुरत, कण्हत, नाक ओढत असे, आणि गाडी कुठवर आली ते बाहेर उभ्या माणसाला कळे. आज काहीच कळत नव्हते. कारंजे अजून सुरू झाले नव्हते. बाग धुक्यात अर्धी पुसून गेल्यासारखी दिसत होती, आणि तिच्या कडेला ते घर, कुणी स्वप्नात पाहावे तसे, आवाजावाचून उभे होते. आपल्या हातून एक म्हातारा माणूस आत नाहीसा झाला आहे, असे सुनेला उगीचच वाटले.

सात मिनिटांनी गाडी बाहेर आली. मिस्त्रींचे डोळे मिटलेले होते. सुनेने बोलायला तोंड उघडले.

“उत्तम,” मिस्त्री डोळे उघडत म्हणाले. “तिसरं दार जरा वरच्या पट्टीत गेलंय. पण चालेल.”

त्यांनी सुनेच्या खांद्यावर हलकेच थोपटले, कोटाच्या खिशातून सुईदोरा आणि एक बटण काढून दाखवले.

“सांगाड्याचं एवढं लावून येतो. पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही.”

आणि ते बोळीच्या दारातून आत गेले.

सून बराच वेळ त्या दाराकडे पाहत राहिली. जेवताना मिस्त्री नेहमी तिच्या समोर बसत आणि ती बोलू लागली की घास खाली ठेवून तिच्या तोंडाकडे पाहत. हा जुन्या वळणाचा सभ्यपणा आहे, असे तिने नवऱ्याला फोनवर कौतुकाने सांगितले होते.

“आई,” ती हळूच म्हणाली, “बाबांना ऐकू...”

“जाड आवाज कळतात. बारीक गेले. दोन वर्षं झाली.”

“मग दोन वर्षं दारं कोण जुळवतंय?”

“तेच जुळवतात. मी इथे बसते. चहा देताना सहज म्हणते, अहो, आज तिसरं जरा जास्तच रडतंय हो. ते म्हणतात, थंडी आहे. आणि दुपारी जाऊन नीट करून येतात.”

“तुम्हाला कळलंय, हे त्यांना माहीत आहे?”

“आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली,” सासूबाई म्हणाल्या. “कुणाला काय माहीत आहे, हे आम्ही आता विचारत नाही.”

सुनेने खाली पाहिले. तिच्या बोटांच्या पेरांत तेल अजून काळे चमकत होते. आता घर जाणे एवढेच उरले नव्हते. मालकीणबाई फेरी मारून बाहेर येतील आणि म्हणतील, तुमची दारे वाजत नाहीत. आणि चार माणसांदेखत मिस्त्री म्हणतील, वाजतात की, मी आत्ताच ऐकून आलो.

अकराला एक तास अवकाश असताना कारंज्याच्या बाजूने मालकीणबाई येताना दिसल्या. उंच, सडसडीत बाई; हातात छत्री, आणि दुसऱ्या हाताला पुढचे दोन दात पडलेली सहा वर्षांची नात.

“अकरा म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या, “पण हिला दम निघेना.”

“मी भीत नाही,” नातीने तिकिटाच्या खिडकीत सांगितले. “आजी भिते.”

“मी गं कुणाला भिते?”

“पालीला.”

“पाल ही वेगळी गोष्ट आहे,” मालकीणबाई छत्री मिटत म्हणाल्या.

सासूबाई त्यांना गाडीत बसवायला उठल्या. त्यांच्यामागे खुर्ची किरकिरली, तिचा उचललेला मागचा पाय पुन्हा टेकला आणि ती दुसऱ्यांदा, निराळ्या सुरात किरकिरली. सासूसुनेने एकमेकींकडे पाहिले.

“काल खिडकीला कुलूप होतं, म्हणून ही तेलातून वाचली,” सासूबाई पुटपुटल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, “साखळी जरा हळूच सोडते हं, बाई. घर म्हातारं आहे.”

सुनेने खुर्ची उचलली आणि बोळीत शिरली.

बोळ अंधारी होती आणि जेमतेम खांद्याएवढी रुंद. भिंतीत जागोजागी जाळीची भोके होती; त्यांतून खोल्यांतला निळसर उजेड आडवा येऊन तिच्या अंगावरून सरकत होता. पहिल्या दाराच्या मागे तिने खुर्ची टेकवली आणि तिच्यावर बसली. चाक खटक्यावरून गेले. दार सावकाश उघडले, आणि त्याच क्षणी तिने पाठ मागे टेकली. खुर्चीने उसासा टाकला.

“ऐकलंस?” पलीकडून मालकीणबाईंचा आवाज आला.

“दार आहे ते,” नात म्हणाली.

दुसऱ्या दाराशी तिने नुसता एक हात खुर्चीच्या पाठीवर दाबला. जुळलेले नव्हते, पण नाक मुरडल्याचा भास झाला. मग तिसरे. तिथे ती डाव्या बाजूला कलंडली आणि हळूहळू, अगदी हळूहळू भार उजवीकडे नेला. लाकडाच्या जुन्या सांध्यातून एक बारीक, लांबट रडणे निघाले. तिने ते ओढून धरले. आजवर तिने आवाज मारले होते. आवाज हातात धरून वाढवता येतो, वळवता येतो, हे तिला ठाऊक नव्हते. जाळीतून गाडीचा छोटा दिवा पाण्यावरच्या पणतीसारखा डोलत पुढे गेला. आरशासमोर बसलेली बिनचेहऱ्याची बाई केस विंचरत होती. भांड्यातून वर येणारा हात चमचा मागत होता. सून खुर्ची पोटाशी धरून, कोपरे खरचटत, त्या सगळ्यांच्या पाठीमागून धावत होती, आणि क्षणभर तिला असे वाटले की या घरात खरे भूत एकच आहे आणि ते घामाघूम झाले आहे.

चौथे साधले. पाचव्याला म्हातारा कण्हत उठायचा होता. ती खुर्चीवर बसली, दार उघडू लागले, ती कण्हत उठली, आणि खुर्चीचा मागचा पाय काडकन मोडला.

“हे बाई भारी होतं,” नात पलीकडे म्हणाली.

सुनेने मोडका पाय हातात घेतला, उरलेली खुर्ची ओढत सहावे दार गाठले, तिला भिंतीशी टेकवून दाबले, हलवले, वळवले. खुर्ची मुकी झाली होती. चाक खटक्यावर आले. सहावे दार उघडले, पाण्यात बोट बुडवावे तसे, आणि आवाज म्हणून काही झालाच नाही. पलीकडचे बोलणे थांबले. गाडी काळोखात सरकत राहिली. कुणी काही बोलेना. फक्त कुणीतरी श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडल्याचे ऐकू आले नाही.

संपले, असे मनाशी म्हणून ती सातव्या दाराच्या दिशेने नुसती चालत गेली. आता तिच्याजवळ लाकडाचा एक तुकडा होता.

आणि सातवे दार वाजले.

आधी ते खोलवर घरघरले, झोपेत कुणी कूस बदलावी तसे. मग तो आवाज वर चढत गेला, बारीक झाला, तुटेल तुटेल असे वाटतानाच एका जागी थरथरत थांबला, आणि तिथून, फार पूर्वी हरवलेले कुणी आपल्याला नावाने हाक मारावी तसा, उतरत खाली आला. सुनेच्या मानेवर काटा उभा राहिला. या दारात तेलाचे थेंब तिने आज सकाळी स्वतः सोडले होते.

पलीकडे एक किंकाळी फुटली. ती नातीची नव्हती. पाठोपाठ नातीचे खिदळणे ऐकू आले, गाडी उजेडात गेली आणि दार मिटले.

सून वळणाशी येऊन थांबली. बोळीच्या टोकाला मिस्त्री उभे होते. खांद्यावर सुईदोरा होता, डावा तळहात चौकटीवर सपाट टेकलेला होता आणि मान वर, तोंड उघडे. दार मिटल्याचे हाताला जाणवले तसे त्यांनी तोंड मिटले.

मग त्यांनी तिला पाहिले. तिच्या हातातला खुर्चीचा पाय पाहिला. तिची तेलकट बोटे पाहिली. सकाळी सातही चौकटींवर टेकून कुठेच कुरकुरीची थरथर न सापडलेला तो तळहात त्यांनी सावकाश खाली घेतला. मग त्यांनी दोन बोटे स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि भुवया उंचावून तिच्या तोंडाकडे पाहिले.

ती दोन पावले पुढे आली, जाळीतला उजेड आपल्या ओठांवर पडेल अशी उभी राहिली आणि शब्द सुटे सुटे करून म्हणाली,

“जरा वरच्या पट्टीत होतं. पण चालेल.”

मिस्त्रींच्या मिशा हलल्या. त्यांनी मफलरचे टोक उचलून डोळे पुसले. सर्दी अजून पुरती गेली नव्हती.

बोळीच्या दारात सासूबाई आल्या.

“माझी खुर्ची मोडलीस,” त्या आधी म्हणाल्या. मग मिस्त्रींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. “अहो, बाई पुन्हा बसतायत. घाम पुसतायत आणि पुन्हा बसतायत. म्हणतात, तलावाचं पुढे बघू. सातव्याला किंचाळल्या खऱ्या, पण जीव गेला होता म्हणे सहाव्यालाच. आता वाजेल, मग वाजेल, म्हणून श्वास धरून बसल्या, आणि ते वाजेचना.”

मिस्त्रींनी सुनेकडे पाहिले.

“सहाव्याला काय केलंस?”

“काही नाही.”

मिस्त्री विचारात पडले. अठ्ठावीस वर्षे जुळवलेल्या सहाव्या दाराची कुरकुर बहुधा ते मनातल्या मनात एकदा, शेवटची, ऐकून घेत होते.

“मग त्याला आता हात लावू नकोस,” ते म्हणाले. “तुझं आहे ते.”

त्यांनी मफलर काढून दाराआडच्या सांगाड्याच्या गळ्यात अडकवला आणि घसा खाकरला.

“तू पहिल्या दाराशी जा. उसासाच टाकायचाय, जमेल. मी तिसरं, पाचवं, सातवं बघतो.”

“आणि दुसरं? चौथं?” सुनेने विचारले.

“दुसरं मी करते,” सासूबाई म्हणाल्या. “नाक मुरडायला मला शिकवायला नको. चौथ्याचं तिथे पोचल्यावर बघू.”

त्या खटका ओढायला बाहेर गेल्या. सून पहिल्या दाराशी येऊन उभी राहिली. घर पुन्हा निःशब्द झाले होते. कारंजे सुरू झाल्याचे कळत होते, पण तेही कुठेतरी दूर, दुसऱ्या कुणाच्या तरी सकाळीत. तिने डोळे मिटले आणि तळहात चौकटीवर टेकवला. आधी काही नव्हते. मग लाकडाच्या आतून एक बारीक थरथर आली, साखळीची. तिच्यामागून दुसरी, चाकांची. गाडी कुठवर आली ते तिला हाताने कळू लागले. आणखी दोन हात, एक हात.

दार सुटले, आणि तिने तोंड उघडले.